स्वयंपाकघराशेजारची गिटार

आपलं वादन कोणीही ऐकू नये म्हणून जिवाचं रान करणारा कलावंत उभ्या वसई तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. इतर कलावंतांचे साडू सुखी असतात. मैफल संपली की "वा, काय वाजवलंत!" म्हणायचं आणि जेवायला बसायचं. मी एकदा चुकून तसं म्हणालो, तर आमच्या साडूंचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्हाला ऐकू आलं?" असं त्यांनी इतक्या दुखावल्या आवाजात विचारलं की मला ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून कार्यक्रम संपला की मी "तुम्ही होता का तिथे? दिसला नाहीत," असं म्हणतो. त्यावर ते खूश होऊन मला पान खिलवतात.

ते जॅझ वाजवतात. एकट्याने, गिटारवर, आणि लोक जेवत, भांडत, सेल्फी काढत असतात अशा ठिकाणी. जॅझ म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला जूचंद्र गावी सासूबाईंच्या ओटीवर बसून समजावलं होतं. "गाणं सगळ्यांना माहीत असतं, पण ते सरळ वाजवायचं नाही. त्याच्या आजूबाजूने फिरायचं. देवळाला प्रदक्षिणा घालतो ना, तसं." सासूबाई मन लावून ऐकत होत्या. त्यांनी लसूण सोलता सोलता विचारलं, "मंग जावईबापू, दर्शन कवा घ्याचा?" साडूंनी तेवढ्यापुरता लसूण सोलायला घेतला. सासूबाई मात्र भेट झाली की चौकशी करतात, "झाला का दर्शन?"

ही विद्या ते वसई पूर्वेच्या एका औषधांच्या कारखान्यात शिकले. साडू पॅकिंग खात्यात सुपरवायझर होते आणि त्यांचे एक ख्रिस्ती सहकारी चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवायचे. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागे शिकवणी चालायची, आणि पलीकडे बाटल्यांना बुचं लावणारं यंत्र धडधडत असायचं. ते यंत्र साडूंच्या कानांत कायमचं बसलं. आवाज नसेल तर त्यांची बोटं चालत नाहीत. घरी रियाझाला बसायचं म्हणजे आधी टीव्हीवर बातम्या लावायच्या, पंखा पाचवर करायचा, कुकर चढवायचा आणि ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, मिक्सर सुरू करायचा. रिकामा मिक्सर फिरवणं ताईंच्या जिवावर येतं, म्हणून त्या चटणी वाटतात. त्यामुळे त्यांच्या घरी चटणी कधी संपत नाही. नवीन चाल बसवायची असली की चटणीचं प्रमाण वाढतं आणि मग ती डब्या भरून सगळ्या नातेवाइकांकडे रवाना होते. आमच्या फ्रिजमध्ये या घटकेला खोबऱ्याची, जवसाची आणि सुकटीची अशी चटणी आहे, त्यावरून हल्ली रियाझ जोरात चालला असावा.

कार्यक्रमाला गेल्यावर ते आधी जागा शोधतात. इतर वादक व्यासपीठ मागतात, हे स्वयंपाकघराच्या दाराशेजारची खुर्ची मागतात. भाताच्या डब्याएवढा त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर ते कुंडीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवतात. मग डोळे मिटून हॉलचा अंदाज घेतात. "आजचा एक्झॉस्ट पंखा सुरात आहे," असं ते मला हळूच सांगतात, "पण मिक्सर थोडा चढा लागलाय." त्याप्रमाणे तारा पिळून घेतल्या जातात. मिक्सर काही उतरत नाही, तेव्हा साडूच चढतात. आत कोणा वेटरच्या हातून चमचे पडले की ते मान डोलावतात. एकदा विरारच्या एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला अख्खी स्टीलची परात पायऱ्यांवरून गडगडत गेली, आणि सगळे दचकले. साडूंनी मात्र तिच्या शेवटच्या गिरकीवर असा काही झंकार मारला की परात त्यांच्याच सांगण्यावरून सोडली होती असं वाटावं. "अशी साथ पुन्हा मिळायची नाही," असं ते त्या परातीबद्दल अजून म्हणतात.

लोकांचा त्यांना कधी राग येत नाही. एका मुंजीत एका बाईंनी आपली पर्स सरळ गिटारच्या खुंट्यांना अडकवली आणि त्या पंगतीला जाऊन बसल्या. यांनी पर्ससकट वाजवलं. "वजनामुळे हात जरा ठाय, म्हणजे संथ लयीत गेला, बरंच वाटलं," हे वर. स्वच्छतागृह कुठे आहे, हे तर सगळे त्यांनाच विचारतात, कारण हॉलमध्ये मोकळा दिसणारा माणूस तोच असतो. ते वादन थांबवत नाहीत. डावीकडे असेल तर खाली उतरणारे सूर आणि उजवीकडे असेल तर वर चढणारे, असा त्यांनी स्वतःपुरता नियम केलाय. माणूस डोळ्यांच्या इशाऱ्यावरून जातो, पण साडूंना वाटतं की तो सुरांवरून गेला.

फर्माईश आली तरी ते नाही म्हणत नाहीत. एका ख्रिस्ती मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या पार्टीत एक दणकट गृहस्थ येऊन म्हणाले, "अंकल, बस झालं हे. एखादं कोळीगीत होऊन जाऊ द्या ना!" साडू नम्रपणे म्हणाले, "आत्ता तेच वाजवत होतो." गृहस्थ क्षणभर गोंधळले, मग "अच्छा, अच्छा, भारी!" म्हणत समाधानाने गेले आणि टेबलावरच्या मंडळींना त्यांनी तसं सांगितलंही. ती मंडळी थोडा वेळ नाचली.

"लोक बोलतायत म्हणजे जमलंय," हे त्यांचं तत्त्व. "माणसं मोकळेपणाने बोलावीत म्हणून आपण खाली सतरंजी अंथरायची. सतरंजीकडे कोणी बघत बसलं, तर समजायचं की तिला भोक पडलंय."

निवृत्त झाल्यावर मात्र हा माणूस खचला होता. कारखाना सुटला, यंत्र सुटलं, आणि नायगावला ते राहतात त्या नव्या इमारतीत दुपारी इतकी शांतता असते की साडू नुसते गॅलरीत बसून राहायचे. ताईंनी वाटलेली चटणीसुद्धा त्यांना हलवू शकेना. मग कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये रविवारी दुपारच्या बुफेला वाजवायचं काम मिळालं आणि ते पुन्हा माणसांत आले. शनिवारपासून इस्त्री, सोमवारी त्याच्याच गप्पा. तिथली गर्दी अव्वल. वर्षासहलीला आलेली कुटुंबं, रडणारी मुलं, बाहेर समुद्राचा वारा आणि आत तव्यावर सतत काहीतरी तडतडतंय. "कळंबसारखा हॉल नाही," असं ते म्हणत, जसं दुसरे एखाद्या मोठ्या नाट्यगृहाबद्दल म्हणतील.

आणि गेल्या हिवाळ्यात तिथे नवा मॅनेजर आला. त्याला गिटार काढून कराओके लावायचं होतं. मालक येत्या रविवारी स्वतः येऊन ठरवणार होते. साडूंनी हे ताईंना सांगितलं आणि जेवण अर्धवट टाकून उठले. ताईंनी माझ्या बायकोला फोन केला. ताई सहसा रडत नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज भरून आला होता. "रविवार गेला तर बाकीचे वार ते कशाच्या आशेवर काढतील गं?" असं त्या म्हणाल्या.

माझ्या सासरची माणसं मायाळू आहेत आणि भयंकर बोलकी आहेत. त्यांनी लगेच ठरवलं की सगळ्यांनी कळंबला जायचं, जावईबापूंचं वादन अगदी गप्प बसून ऐकायचं आणि प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवायच्या. मालकाला दिसू दे, लोक यांच्यासाठी येतात. बोलायचं नाही, अशी सासूबाईंनी सगळ्यांना तंबी दिली, आणि ती देण्यातच अर्धा तास त्या स्वतः बोलल्या. साडूंना यातलं काही सांगितलं नव्हतं. इतक्या प्रेमापोटी इतकी मोठी चूक आमच्याच घरात होऊ शकते.

आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर भरून गेलो आणि समोरची टेबलं अडवली. साडूंनी वाजवायला सुरुवात केली. आम्ही चमचे खाली ठेवले, हात जोडले आणि त्यांच्याकडे बघत बसलो. सासूबाईंनी तर डोक्यावरून पदर घेतला होता. आमचं बघून शेजारची टेबलं कुजबुजायला लागली, मग कुजबुजही थांबली. एक सद्गृहस्थ वाकून माझ्या कानाशी आले आणि हळूच विचारते झाले, "कोण गेलं हो?" मी काही बोलायच्या आत ते खिन्नपणे मान हलवत परत गेले आणि आपल्या मुलांना दटावून त्यांनी उभं केलं. एका समजूतदार वेटरने पंखा बंद केला. आतला मिक्सरही थांबला. बुफेपाशी कोणी फिरकेना.

साडूंनी मान वर केली आणि त्यांना शांतता दिसली. बोट घसरलं. पुढचा सूर बेसूर आला, त्याच्या पुढचा आलाच नाही. आम्ही घाबरून टाळ्या वाजवल्या, त्याने तर ते पांढरेफटक पडले. कपाळावरून घाम गळत होता आणि हात तारांवर तसाच थिजला होता. मॅनेजर दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता, मालक कोणत्याही क्षणी येणार होते, आणि मला वाटलं, संपलं. या माणसाचा रविवार आपणच मारला.

तेवढ्यात ताई ताट घेऊन उठल्या आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "आई, हे बोंबील बघ! कोणी तळलेत हे? नुसता रवा!"

सासूबाईंनी इतका वेळ तोंड दाबून ठेवलं होतं. त्यांचा बांध फुटला. "मी कवापासून बघते! बोंबलाला रवा लावतान व्हय? तांदलाचा पीठ लावाचा!"

"आई, रव्यानेच कुरकुरीत होतात," माझी बायको म्हणाली.

"तू मना शिकवतेस?"

पलीकडच्या टेबलावर पाचूबंदरची एक कोळीण बाई आपल्या नातवंडांसह बसली होती. तिला राहवेना. "अगं बाय, रवा नि पीठ मागून," ती म्हणाली, "आधी दगडाखाली दाबून पानी काढला पायजे!" मग आणखी एक टेबल रव्याच्या बाजूने उभं राहिलं. मघाचे खिन्न सद्गृहस्थही पिठाच्या बाजूने बोलू लागले. पुरावा म्हणून लोक बुफेवरून ताटं भरभरून बोंबील आणू लागले. पंखा लागला, मिक्सर लागला, कुठेतरी एक मूल रडलं, आणि त्या सगळ्याच्या खालून गिटार सुरू झाली.

मालक याच गदारोळात आले. कानाला फोन लावलेला, दुसऱ्या हातात बोंबील. ते निघाले तेव्हा मॅनेजरने त्यांना गाठलं. "सर, मग गिटारचं काय करायचं?"

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. "गिटार आहे का इथे? कुठाय?" मग खांदे उडवून ते म्हणाले, "गर्दी तर मस्त आहे. जे चाललंय ते चालू दे."

हे साडूंना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "मालकांनासुद्धा कळलं नाही!" असं ते ज्याला त्याला सांगत होते. ताई डोळे पुसत हसत होत्या.

पण मला कळलं होतं. भांडण ऐन रंगात असताना मी ऐकत होतो. ताईंचा आवाज चढला की गिटार खाली उतरत होती, त्या श्वास घ्यायला थांबल्या की तेवढीच जागा भरून काढत होती, आणि सासूबाई मध्येच तुटून पडल्या की दोघींच्या मधून वाट काढत परत ताईंपाशी येत होती. बायकोच्या भांडणाची इतकी काळजी घेणारा नवरा मी पाहिलेला नाही. नेमकं तेव्हाच समोर कोणीतरी मला विचारत होतं की मी रव्याच्या बाजूचा की पिठाच्या.

हे साडूंना सांगावं असं मला फार वाटतं. वय झालंय त्यांचं, आताशा बोटं आखडतात, किती रविवार राहिलेत कोणास ठाऊक. पण मी ऐकतो हे त्यांना एकदा कळलं की माझ्यासमोर त्यांचा हात चालायचा नाही. म्हणून आम्ही अधूनमधून कळंबला जातो, त्यांच्या अगदी जवळचं टेबल घेतो, मी त्यांच्याकडे पाठ करून बसतो आणि बायकोशी मोठमोठ्याने काहीही बोलत राहतो. ती मला म्हणते, "अहो, जरा हळू, मला ऐकू येतंय." मी आवाज आणखी चढवतो.