कॅन्सल फक्त तिकीट होतं

किस्से काही ठरवून गोळा करावे लागत नाहीत. हाउसिंग सोसायटीच्या कमिटीत एकदा बसलं की ते आपोआप साठतात, स्वयंपाकघरात पिशवीत पिशव्या साठतात तसे. मी दिल्लीला मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीची सहसचिव, म्हणजे खरं तर टायपिस्ट. सचिव ताम्हणकर साहेब. मंत्रालयातून रिटायर झाले, पण मंत्रालय काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही.

*

पहिल्याच महिन्यात साहेबांनी कुत्र्यांना लिफ्टबंदी केली. संध्याकाळपर्यंत पाचव्या मजल्यावरच्या भाटिया आंटी आपल्या लॅब्राडोरसकट साहेबांच्या दारात! दहा मिनिटांत बंदी उठली. मी नोटिशीवर 'कॅन्सल' असं टाइप केलं, तर साहेब भडकले.

"लिमयेबाई, कॅन्सल तिकीट होतं. ऑर्डर विथड्रॉ होते."

मी फरक विचारला. "कॅन्सल म्हणजे आपण चुकलो. विथड्रॉ म्हणजे आपण मोठं मन दाखवलं."

*

मग पार्कातल्या क्रिकेटवर बंदी आली. मुलांच्या टीमचा कॅप्टन निघाला कर्नल घाडगेंचा नातू. कर्नल मूळचे साताऱ्याचे, आवाज अजून परेड ग्राउंडवरचा. ते नुसते साहेबांच्या घरी मीटिंगला येऊन बसले आणि ऑर्डर 'अबेयन्स'मध्ये गेली. अबेयन्स म्हणजे ऑर्डर जिवंत आहे, फक्त झोपली आहे. समोरच्याची भीती वाटली की साहेब हा शब्द काढतात.

कर्नल म्हणाले, "आमच्या फौजेत एकच शब्द. काउंटरमांड. वरच्याने सांगितलं की खालच्याची ऑर्डर खलास."

"पण इथे माझ्या वर कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

कर्नलांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत साहेबांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, चहा गाळत होत्या.

*

चहावरून आठवलं. मीटिंगा लांबतात म्हणून साहेबांनी मीटिंगमधला चहा बंद केला होता. ठराव पास होतोय तोवर वहिनी सात कप घेऊन बाहेर आल्या. साहेबांनी एक घोट घेतला आणि मला लिहायला सांगितलं की ठराव 'मॉडिफाय' केला आहे. बंदी चहावर आहे, आल्याच्या चहावर नाही.

*

पार्किंगचा नियम तर साफ फसला. स्वतः साहेबांचीच गाडी दोनदा अडकली. तेव्हा नोटीस निघाली की आधीच्या सचिवांचा अविचारी निर्णय 'सुपरसीड' करण्यात येत आहे. आधीचे सचिवही ताम्हणकर साहेबच होते. त्या नोटिशीवर त्यांनी फार समाधानाने सही केली.

*

आणि होळी! 'सकाळी दहानंतर पाण्याने खेळणे बंद' अशी कडक नोटीस. साडेदहाला कर्नलांच्या नातवाने पहिली बादली ओतली ती नेमकी साहेबांवर. वरून वहिनी टाळ्या वाजवत होत्या. शेवटी साहेबांनीही पाइप हातात घेतला आणि दुपारपर्यंत कोणाला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मला कॉरिजेंडम काढायला लावला, म्हणजे शुद्धिपत्रक. 'बंद' ऐवजी 'सुरू' असे वाचावे, टायपिस्टची चूक.

"साहेब, माझी कसली चूक?"

"बाई, ऑर्डर कधीच चुकत नसते. टायपिस्ट चुकतो."

*

एक ऑर्डर मात्र यातल्या कुठल्याच शब्दाला बधत नव्हती. साहेबांची एकुलती एक मुलगी केतकी. तिने गाझियाबादच्या मिठाईवाल्यांच्या मुलाशी लग्न केलं. साहेबांना जावई सरकारी नोकरीतला हवा होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोसायटीच्या रेसिडेंट लिस्टमधून तिचं नाव काढायला लावलं, आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवायचं नाही असं तिला कळवलं. वहिनी तेव्हापासून दर मंगळवारी 'भजनाला' म्हणून मेट्रोने गाझियाबादला जातात. सगळ्या सोसायटीला माहीत आहे. येताना भजनातून काजूकतली कशी येते, हे साहेबांनी कधी विचारलं नाही.

कर्नलांनी एकदा धीर करून म्हटलं, "यार ताम्हणकर, हीसुद्धा अबेयन्समध्ये टाका की."

"ही फायनल आहे," साहेब म्हणाले, आणि अजेंड्यावरचा पुढचा विषय वाचायला लागले. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि कीवही आली.

*

गेल्या संक्रांतीला मीटिंग साहेबांच्याच घरी होती. आमच्या गेटवर आता ॲप आहे. कोणी आलं की गार्ड फोटो पाठवतो आणि आपण फोनवर 'अप्रूव्ह' किंवा 'डिनाय' दाबायचं. साहेबांचा फोन वाजला. टेबलावरच होता, त्यामुळे फोटो सगळ्यांनाच दिसला. केतकी, हातात तिळगुळाचा डबा. खाली लिहिलं होतं, 'व्हिजिटर'.

वहिनी ट्रे घेऊन दारातच थांबल्या. साहेबांनी चष्मा लावला, फोटो बराच वेळ पाहिला आणि 'डिनाय' दाबलं.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. मी वही मिटून उठले, म्हटलं पुरे झाली ही कमिटी. तोवर साहेबांनी इंटरकॉम उचलला होता.

"इसको विज़िटर में किसने डाला?" ते गार्डवर खेकसले. "घर की बेटी है. रेज़िडेंट में डालो और ऊपर भेजो."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लिमयेबाई, रेसिडेंट लिस्टचा कॉरिजेंडम काढा. एक नाव गळलंय. टायपिस्टची चूक."

"हो साहेब," मी म्हटलं. "माझीच चूक."