वाळूचं पोतं

धानाच्या गोदामात ओल्या पोत्यांचा वास आला की माझा उजवा खांदा अजूनही आपोआप वाकतो.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास, धानोऱ्याकडे, रानडुकराच्या शिकारीआधी महिनाभर थोरला भाऊ मला पहाटे ओल्या वाळूचं पोतं उजव्या खांद्यावर घेऊन डोंगर उतरायला लावायचा.

"मारनं सोपं हाय, खाली आननं जड," तो म्हणायचा. "वाटेत ठेवशील त पुन्हा उचलनं होत नाई."

शिकारीच्या दिवशी डुकरानं त्याचीच मांडी फाडली. त्याला खांद्यावर घेऊन मी तसाच उतरलो. वाटेत तो दोनदा म्हणाला, "ठेव मले." मी ठेवलं नाही. सडकेवर ठेवलं तेव्हा तो गेलेला होता.

थांबून गळ्यातल्या दुपट्ट्यानं मांडी बांधून रक्त थांबवता आलं असतं, हे मला कितीतरी वर्षांनी सुचलं. त्या दिवशी मात्र कुठंही न थांबता उतरलो, याचंच बरं वाटलं होतं.