एकदमरावांच्या याद्या

एकदमराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. कुठल्याही ऑफिसातून फोन आला की "एकदम होऊन जाईल" एवढंच ते बोलतात, म्हणून लोकांनी त्यांचं हे नाव पाडलं. आणि खोटं कशाला बोला, काम खरोखरच एकदम होतं.

त्यांची सगळी विद्या शर्टाच्या खिशातल्या एका पेनड्राइव्हवर मावते. त्यावर एक पॅकेज मॅनेजर आहे. हा प्रोग्रॅम स्वतः कॉम्प्युटरवर बसवावा लागत नाही. पेनड्राइव्ह लावायचा, त्याच्या हाती यादी द्यायची, की यादीतलं एकेक सॉफ्टवेअर तो आपणच आणतो, बसवतो आणि मोकळा होतो. पूर्वी दहा कॉम्प्युटर लावायचे म्हणजे दोन दिवस 'पुढे', 'पुढे', 'मान्य आहे' अशी बटणं दाबत बसावं लागे. आता एक ओळ टाइप केली की झालं. पण गिऱ्हाइकाला घाम दिसल्याशिवाय काम दिसत नाही, हे एकदमराव ओळखून आहेत. म्हणून काम आपोआप चाललेलं असताना ते कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत राहतात आणि मधूनच एक मोठा सुस्कारा सोडतात.

थट्टा सोडा, पण याद्या मात्र त्यांनी जीव लावून केल्यात. दातांच्या दवाखान्याची वेगळी, वाचनालयाची वेगळी, छापखान्याची वेगळी. दवाखान्यातली मदतनीस डावखुरी आहे, वाचनालयातल्या बाईंना अक्षरं मोठी लागतात, छापखान्याच्या मालकांना वीस वर्षांपूर्वीचाच फाँट हवा असतो. कुणाला काय लागतं, हे सगळं तोंडपाठ.

एका शनिवारी सकाळी अकराला त्यांच्या घरचाच कॉम्प्युटर गेला. तो त्यांच्या बायकोचा. ज्यांना दिसत नाही अशा मुलामुलींसाठी ती पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते. कायदा शिकणाऱ्या एका मुलीचा सोमवारी पेपर होता आणि पुस्तकाचं एक प्रकरण राहिलं होतं. पाचपर्यंत पाठवते, असा शब्द दिलेला. प्रकरण मिळालं नाही तर मुलगी ते न ऐकताच पेपरला बसणार होती. सकाळपासून तिचे दोन फोन येऊन गेले होते.

एकदमरावांना चेहरा गंभीर ठेवायला फार कष्ट पडले. इतकी वर्षं बायको त्यांना त्या कॉम्प्युटरला हात लावू देत नव्हती. "तुमच्या एकदममध्ये माझं आहे ते जायचं," असं म्हणायची. आज तिनेच बोलावलं होतं. त्यांनी दुकानातून नवा कॉम्प्युटर आणला, पेनड्राइव्ह लावला आणि घरची अशी यादी नसल्यामुळे तिन्ही याद्या एकापाठोपाठ एक सोडून दिल्या. सब घोडे बारा टक्के. पाऊण तासाने त्यांनी बायकोला हाक मारली आणि खुर्ची मागे ओढून दिली.

तिने पडदा वरखाली केला. "यातलं माझं कुठलं?"

सगळंच तिचं, ते म्हणाले. मोजून एकेचाळीस प्रोग्रॅम.

"हा दातांचे एक्सरे बघायचा आहे. माझे दात बघायचेत का?"

तुला काय लागतं ते सांग, एका मिनिटात काढतो आणि घालतो, असं ते घाईघाईने म्हणाले. तिने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजत आले होते.

"तुम्हीच सांगा. मी यावर काय करते?"

बायको कसलंसं वाचन करते, एवढंच एकदमरावांच्या डोक्यात होतं. दार बंद असलं की ती पडली असेल, असं ते धरून चालत. डावखुऱ्या मदतनीस बाईचा माऊस त्यांना पाठ होता आणि घरात हे असं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना मनापासून लाज वाटली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ती स्टुलावर बसली आणि तिने क्रमाने सांगितलं. आवाज रेकॉर्ड करायला एक, खोकला आणि अडखळणं कापायला एक, प्रकरणांचे तुकडे पाडायला एक. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. यादी तीन ओळींची झाली आणि बसवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग अंगात उत्साह आला म्हणून चौथाही घातला, मागचा गोंगाट पुसणारा. तो तपासायला जुन्या कॉम्प्युटरची डिस्क जोडली आणि हाताला लागलं ते रेकॉर्डिंग लावलं.

बायकोचा आवाज संथपणे सांगत होता की करार म्हणजे काय. आणि तिच्या मागे, बंद दारापलीकडून, एक पुरुष ओरडला, "अगं, माझा चष्मा कुठाय?"

त्यांनी दुसरं लावलं. त्यात टॉवेल होता. तिसऱ्यात तोच माणूस, आज पंधरा कॉम्प्युटर एकदम लावले, हे पुन्हापुन्हा सांगत होता.

"हे असंच पाठवतेस?"

"छे. काढून टाकते. एकेका प्रकरणातून तुम्हाला काढायला अर्धा तास जातो."

"मग एकदा सांगायचं तरी."

"दोनदा सांगितलं. तुम्ही 'हं' म्हणालात."

अडीच वाजता तिने आत जाऊन दार लावून घेतलं. एकदमरावांनी फोन बंद केला, बाहेरच्या खुर्चीत बसले आणि कान दिला. प्रकरण भाडेकरूंचं होतं. सुरुवातीला त्यांना जांभया आल्या. पण कुणाला कधी घराबाहेर काढता येतं आणि कधी येत नाही, हे ती असं काही सांगत होती, की ते खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि बायको सलग दोन तास बोलतेय नि आपण ऐकतोय, असं कधी घडलं नव्हतं.

साडेचारला दार उघडलं.

"आज काही कापायला लागलं नाही," ती म्हणाली.

ते उठून उभे राहिले. "पुढचं प्रकरण कधी वाचणार?"

"पुढचं नाही. हे शेवटचं. सकाळपासून तेच सांगतेय."

त्यांनी खुर्ची दाराजवळ ओढली. मग म्हणाले, "मग पहिलं लाव."

तिने आधी मुलीला फाइल पाठवली, पोचल्याचा फोन येऊ दिला, आणि मग पहिलं प्रकरण लावून हेडफोन त्यांच्या हातात दिला.