लाईटच्या दिवशी भरलेली परिषद

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी दाजींचं नाव घेतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात यंत्रमागावर चादरी विणायचे. गावची शाळा संपल्यावर मला पुढं शिकवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. दाजी सणाला आले होते, ते जाताना माझी पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर टाकून मला सोबत घेऊन गेले. तेव्हापासून पदवी मिळेपर्यंत मी शुक्रवार पेठेत त्यांच्या दोन खोल्यांत राहिलो.

बायकोच्या भावाला घरात ठेवून घेणं हा गल्लीत चेष्टेचाच विषय होता. कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी संध्याकाळी बसणारी मंडळी दाजी दिसले की विचारायची, "काय, मेवणा पाळलाय म्हनं?" दाजी सायकलवरून न उतरता म्हणायचे, "पाळलाय की. दूध कवा देतोय ते बघायचं." सगळे हसायचे, मीही हसायचो. पण जिना चढताना ते शब्द माझ्याबरोबर वर यायचे. या माणसाला चार लोकांत दाखवण्यासारखं काहीतरी आपल्या हातून व्हावं, एवढीच माझी त्या वर्षांतली इच्छा होती.

ती संधी शेवटच्या वर्षाला आली. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मिळून दर वर्षी एक परिषद भरवायची, असं ठरलं होतं आणि आमच्या कॉलेजची पाळी आली. विषय होता वीज, कोळसा, तेल आणि त्यांवर चालणारे उद्योग. तेव्हा दुसरा विषय सुचण्यासारखी परिस्थितीच नव्हती. तेल महागलं होतं, रॉकेलला रांगा होत्या आणि वीज कुणालाच पुरत नव्हती. म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिलेल्या होत्या. सगळे एकाच दिवशी सुरू राहिले तर वीज कमी पडते, तेव्हा एका भागाला सोमवारी सुट्टी, दुसऱ्याला गुरुवारी. अक्कलकोट रोडला बुधवार होता. बुधवारी वीज बंद, त्यामुळं माग बंद. रविवारी मात्र दिवसभर वीज. आमच्या घरात वारांची नावं मागं पडली होती. ताई 'लाईटचा दिवस' आणि 'बिनलाईटचा दिवस' असं म्हणायची.

परिषदेचा अध्यक्ष सात रस्त्याजवळच्या एका वकिलांचा मुलगा होता. स्वभावानं चांगला, इंग्रजी सफाईदार. मी चिटणीस होतो, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मित्राची सायकल मला कधीही मिळत असे. शिवाय दुपारी मला एक निबंध वाचायचा होता, वीजकपात आणि यंत्रमाग कामगार या विषयावर.

तारीख ठरवायच्या बैठकीत मी म्हणालो की रविवारी यंत्रमागवाल्यांना येता येणार नाही, बुधवार धरू या. अध्यक्ष म्हणाला, "अरे, रविवारी सगळ्या जगाला सुट्टी असते." मी पुन्हा सांगितलं. त्यावर मागून एक जण म्हणाला, "याच्या दाजींसाठी कॅलेंडर नवीन छापून घ्यायचं का?" हशा झाला. प्रमुख पाहुणे म्हणून वीज खात्यातल्या एका मोठ्या अभियंत्यांनी रविवार दिला होता. कॉलेजचं सभागृहही रविवारीच मोकळं होतं. तेव्हा विषय तिथं मिटला.

निमंत्रणपत्रिका मीच सायक्लोस्टाइल करून आणल्या. त्यात खाली एक ओळ होती: यंत्रमागधारक आणि कामगार बंधूंनी अगत्यानं उपस्थित राहावं. त्या पत्रिका घेऊन मी अक्कलकोट रोडवर शेडमागून शेड फिरलो. मालक पत्रिका हातात घेत, वार बघत आणि "येऊ की" म्हणत. ते 'येऊ की' कसं असतं ते आपल्याला ठाऊक असतं. मी सायकल पुढं काढत असे.

दाजींना मी जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी? रविवारी लाईट असती की रं."

मी म्हणालो, माहीत आहे, पण माझं भाषण आहे.

ते बराच वेळ भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिले. मग म्हणाले, "बदली मिळाला तर येतो." बदली म्हणजे एखाद्या दिवसापुरता आपल्या मागावर उभा राहणारा माणूस. लाईटच्या दिवशी असा रिकामा माणूस मिळणं कठीण, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ताईनं त्यांचा लग्नातला कोट मात्र उन्हात टाकला.

परिषदेच्या दिवशी सकाळी मी मंडपवाल्याकडून भरपूर खुर्च्या मांडून घेतल्या. लाउडस्पीकरला बॅटरी होती, कारण विजेवर तेव्हा कुणीच विसंबून राहत नसे. पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मी माझा रुमाल ठेवला. पाहुणे आले, प्राध्यापक आले, बाहेरगावच्या कॉलेजांचे प्रतिनिधी आले. ज्यांच्यासाठी मधल्या रांगा ठेवल्या होत्या ते कुणी आले नाहीत. मालक नाहीत, कामगार नाहीत. शेवटी एका प्राध्यापकांनी वसतिगृहातली पहिल्या वर्षाची मुलं आणून बसवली. त्यांच्यापैकी एकानं माझा रुमाल उचलून मला परत आणून दिला.

सकाळभर भाषणं झाली. कोळशाच्या वाहतुकीवर झालं, तेलाच्या भावावर झालं. जेवणाला पुरी-भाजी होती. मी पाण्याच्या घागरी, पाहुण्यांचा चहा, प्रतिनिधींच्या परतीच्या गाड्या यांत धावत होतो. माझी पाळी आली तेव्हा माझे पाय दुखत होते आणि समोर निम्मी मुलं पेंगत होती. मी वाचलं. काय वाचलं ते मला ऐकू येत होतं, पण ते कुणाला सांगतोय तेच कळत नव्हतं. दरवाज्याकडं बघायचं नाही असं ठरवूनही मी प्रत्येक पानाला बघत होतो.

वाचून झाल्यावर अभियंत्यांनी विचारलं, "विषय यंत्रमागांचा आहे, तर यंत्रमागवाले कुठे आहेत? त्यांना बोलावलं नव्हतं का?"

अध्यक्षानं उठून सांगितलं की पत्रिका घरोघर पोचवल्या होत्या. "पण सर, त्या लोकांना अशा विषयांत रस नसतो."

मी अजून माइकपाशीच होतो. मी म्हणालो, "सर, आज त्यांचा लाईटचा दिवस आहे. त्यांची सुट्टी बुधवारी असते."

अभियंत्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "अक्कलकोट रोड, बुधवार," ते स्वतःशीच म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो सुट्ट्यांचा तक्ता माझ्याच सहीनं निघालाय. आणि रविवार मीच दिला."

ते अध्यक्षाकडं वळून शांतपणे म्हणाले, "त्यांना रस आहे हो. ते आत्ता वीज वापरतायत." एवढं बोलून ते खाली बसले.

जीपपर्यंत मी त्यांना पोचवायला गेलो. थकलेला माणूस होता. जिथं जातो तिथं लोक शिव्याच देतात, म्हणाले, आज इथं शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं. परिषद बुधवारी घेतली असती तरी त्यांना येता आलं नसतं, कारण बुधवारी त्यांची बैठक असते. माझा निबंध चांगला होता असंही म्हणाले. मी मान खाली घालून आभार मानले. जीप गेली आणि मी खुर्च्या मोजून द्यायला आत आलो.

दाजी आले तेव्हा उन्हं कलली होती. मंडपवाल्याचा माणूस खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होता. दाजी तसेच कारखान्यातून आले होते, डोक्याला, भुवयांना सुताचा पांढरा कापूस चिकटलेला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"समदं?"

मी मान हलवली. बदली मिळाला नाही, म्हणाले. सकाळी एक जण येतो म्हणाला होता, त्याला त्याच्याच मालकानं धरून ठेवलं. मग त्यांनी रिकाम्या सभागृहाकडं एकदा बघितलं, पुढच्या रांगेत अजून उरलेल्या एका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मग आता वाच की. मी बसलोय न्हवं."

मला लाज वाटली. खुर्च्या उचलणारा माणूस बघत होता. तरी मी कागद काढले आणि उभा राहून वाचायला लागलो. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर दाजींनी हात वर केला. "कागदात बघू नगंस. माझ्याकडं बघून बोल. मला तोंड दिसाय पायजे."

मागाच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलेल्या माणसांना आवाजावर भरवसा राहत नाही. शेडमध्ये सगळे एकमेकांच्या ओठांकडं बघूनच बोलणं समजून घेतात. दाजी घरीही तसंच करायचे. ताई चुलीकडं तोंड करून बोलली की ते चिडायचे. मी कागद घडी करून खिशात ठेवले आणि त्यांच्याकडं बघून बोलायला लागलो. सकाळपासून पहिल्यांदा मला कळत होतं की मी कुणाला सांगतोय. निबंधातले जड शब्द आपोआप गळून गेले. विजेची मागणी, पुरवठा यांतलं थोडं झालं, मग सुट्ट्या वाटून देण्याची पद्धत झाली आणि मी मुख्य मुद्द्यावर येणार, तोच दाजींची मान छातीवर आली. त्यांना झोप लागली होती.

मी बोलायचा थांबलो. मंडपवाल्याचा माणूस बाकीच्या साऱ्या खुर्च्या रचून झाल्यावर या एका खुर्चीसाठी थोडा वेळ विडी ओढत उभा राहिला. मग त्यालाही जायचं होतं. मी दाजींच्या खांद्याला हात लावला.

घरी जाताना दाजी सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "चांगलं बोललास."

"तुम्ही झोपला होता, दाजी."

"व्हय. पर डोळं उघडं हुतं तवर लई चांगलं बोलत हुतास."

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसातलं ते पहिलंच हसू होतं.

पानपट्टीशी मंडळी होती. कुणी काही विचारायच्या आधीच दाजींनी सायकल थांबवली. ते कधी थांबत नसत. म्हणाले, "आमच्या पावन्यांचं भाषण झालं आज. विजेचं मोठं सायेब आलतं. हॉलमधी बसाय जागा न्हवती." आणि माझ्याकडं न बघता पुढं निघाले. त्यांच्या मागोमाग जिना चढलो. इतकी वर्षं झाली, पण तो जिना चढतानाचा थकवा मला अजून आठवतो. तो नुसता पायांचा नव्हता. जे मला त्यांना द्यायचं होतं ते त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकलं होतं, आणि माझ्याकडचं माझ्या खिशात घडी करून तसंच राहिलं होतं.

निकाल लागल्यावर मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. तिथं स्थिर झाल्यावर मी दाजींना पत्र पाठवलं. ते असं होतं:

तीर्थरूप दाजींना नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. खोली बरी आहे, जेवणाची सोय शाळेच्या शिपायाच्या घरी झाली आहे. ताईला सांगा, शेंगाची चटणी अजून पुरते आहे.

परिषदेच्या दिवशी तुम्हाला झोप लागली, त्याच्यापुढचं भाषण या पत्रात लिहितो. मी असं सांगणार होतो की सुट्ट्या वाटून दिल्यानं माग चालू राहतात ही गोष्ट खरी, पण घरं वाटली जातात. पोरांची शाळा रविवारी बंद आणि बापाची सुट्टी बुधवारी. एका छपराखाली राहून माणसं एकमेकांना झोपलेलीच बघतात. मी तुमच्या घरी एवढी वर्षं राहिलो, पण आपण सगळे एकाच वेळी ताटावर बसलो असे दिवस फार थोडे आठवतात. म्हणून माझी सूचना अशी होती की ज्या पेठेतले लोक ज्या कारखान्यांत जातात, त्या पेठेतल्या शाळांनाही कारखान्यांच्याच वारी सुट्टी द्यावी. साहेबांनी ती लिहून घेतली. पुढं काही होईल असं वाटत नाही. भाषण एवढंच होतं.

त्या दिवशी हॉलमध्ये बसायला भरपूर जागा होती, हे तुम्हाला माहीत आहे. तरी पानपट्टीवर तुम्ही जे सांगितलं ते तसंच राहू द्या.

मी इथल्या हेडमास्तरांना विनंती केली. रविवारी शाळेतल्या प्रयोगशाळेची साफसफाई आणि मांडणी मी करायची, आणि महिन्यातून एक बुधवार मला मोकळा द्यायचा, असं त्यांनी मान्य केलं आहे. पुढच्या बुधवारी पहिल्या गाडीनं येतो. तुम्ही झोपलेले असाल तर उठवणार नाही. उठलात की समोर बसून बोलू.