तीन कॉम्प्युटर, एक मेश्रामभाऊ

सोमवारी सकाळी दवाखान्यात झुंबड उडालेली असताना मेश्रामभाऊ आपल्या खोलीतल्या तीनपैकी एका कॉम्प्युटरची वायर सरळ उपटायचे. मग माझ्या काउंटरपाशी येऊन विचारायचे, "मॅडम, काही समजलं काय?" मला काहीच समजलेलं नसायचं. रिपोर्ट निघतच असायचे. ते खूश होऊन परत जायचे आणि मी चिडायचे, कारण खरंच काही अडलं असतं तर रांगेतल्यांच्या शिव्या मीच खाणार होते.

दारव्ह्यातल्या आमच्या दवाखान्याचं कॉम्प्युटर खातं म्हणजे एकटे मेश्रामभाऊ. त्यांच्या आधी एकच जुना कॉम्प्युटर होता. तो उन्हाळ्यात तापून बसला की सगळं ठप्प व्हायचं आणि खेड्यांवरून आलेली माणसं रक्ताच्या रिपोर्टाविना परतीची जीप धरायची. भाऊंनी तीन साधे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. काम तिन्हींत वाटलं जाई, प्रत्येक नोंद तिन्हींवर राही. मला ते काही उमजेना, तेव्हा म्हणाले, "तुम्ही कापूस वेचाले कधी गेल्या नसान. एखादी बाई आली नाही, तर तिच्या वाट्याची पात, तिची ओळ, बाकीच्या बाया घेतात. मालकाले पत्ताही लागत नाही. एक पडला तरी कोणाले समजलं नाही पाह्यजे, मॅडम." हे शेवटचं वाक्य तर त्यांचं पालुपदच होतं.

स्वतःसाठी मात्र त्यांनी असली काही सोय केली नव्हती. रजा नाही. भाचीच्या लग्नात फुलांच्या पाकळ्या हातात आणि फोन कानाला. छातीत जळजळतं म्हणून सोडा पीत बसायचे. मी वैतागून म्हटलं, "यंत्रं तीन आणि माणूस एकच? तुम्हीच पडलात तर?"

"ऑफिसातल्या साहेबाले किती खेपा सांगतलं. ते म्हणते, बंद तर काही पडून नाही राह्यलं, मंग दुसरा माणूस कायले पाह्यजे?" असं म्हणून ते हसले. त्या हसण्याचा मला भारी राग यायचा.

"मग एक दिवस पडू द्या बंद. बघा कसा माणूस मिळतो."

"अन् त्या दिवशी एखाद्याचा रिपोर्ट अडला तं? त्यानं काहून भोगावं?"

मी आणखीच चिडले.

मे महिन्यातल्या एका सोमवारी भाऊ काउंटरवर विचारायला आले नाहीत. रिपोर्ट भराभर निघत होते. रांग पुढे सरकत होती. जेवणाच्या सुट्टीत झाडायला गेलेल्या मावशींना ते खुर्चीशेजारी पडलेले दिसले. एका कॉम्प्युटरची वायर उपटलेली होती आणि बाकीचे दोन चालू होते. डॉक्टर पलीकडच्याच खोलीत होते, पण आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. सकाळभर कोणालाच काही समजलं नव्हतं.

भाऊंना श्रद्धांजली वाहायला ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात साहेबांनी सांगितलं, की भाऊंमुळे दवाखान्याचं काम कधी थांबलं नाही, अगदी त्या दिवशीसुद्धा. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी माणूस घेतला. एकच. मी तडक साहेबांच्या खोलीत गेले आणि दुसरा का नाही, म्हणून विचारलं. साहेबांनी चष्माही काढला नाही.

"काहून? बंद कुठं काय पडलं, मॅडम?"