आबांच्या खोलीतली लाल खुर्ची

कटलिस्ट चार वाजता फॅक्टरीत जायची होती, आणि पावणेतीनला मी जमिनीवर चिकटवलेल्या टेपवर एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची येऊन उभी राहिली. खुर्चीमागे साडेचार वर्षांची रेवा. चेहरा इतका गंभीर, जणू साइट हिच्याच नावावर आहे.

"रेवा, बाजूला हो बघू. टेप निघते."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी मूळची बेळगावची, पण बेंगळुरात लोकांच्या घरांची इंटीरियर्स करण्यात अर्धं आयुष्य गेलं. तोंड फटकळ आहे, हे माझ्या सगळ्या सुतारांना माहीत आहे. हा फ्लॅट कोरमंगलातला. रेवाची आई प्राची नागपूरची, आयटीत. तिचे वडील, म्हणजे रेवाचे आबा, नागपुरात बाथरूमच्या दारात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालतात. एकटे राहू शकत नाहीत म्हणून प्राची त्यांना इकडे आणणार होती, आणि त्यांच्यासाठी एक खोली तयार करायचं काम आमच्याकडे आलं.

आबा यायला सहज तयार झाले नव्हते. प्राचीनं पहिल्याच मीटिंगमध्ये मला त्यांची अट सांगितली होती. बाथरूमला जायला आणि कपडे घालायला कुणी धरायचं नाही. लेकीनंही नाही, जावयानंही नाही. तशी वेळ आली तर ते सरळ परत जाणार. परत जाऊन तिथं त्यांचं कोण करणार होतं, हा तिच्यापुढचा प्रश्न. म्हणजे मला कपाट बनवायचं नव्हतं, एका माणसाचा मान राखायचा होता. एवढं मला कळलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आता कटलिस्ट म्हणजे काय ते सांगते. कपाटाच्या एकेका फळीचं माप लिहिलेली यादी. ती फॅक्टरीत गेली की मशीन प्लाय कापतं. कापलेला प्लाय काही परत जोडता येत नाही, म्हणून यादी जायच्या आधी आम्ही एक गोष्ट करतो. कपाट, पलंग, टेबल, सगळ्यांचे आकार खऱ्या मापात मास्किंग टेपनं जमिनीवर आखतो. क्लायंटला कागदावरचं फारसं कळत नाही, जमिनीवरचं कळतं. क्लायंट त्यात एक चक्कर मारतो, छान वाटतंय म्हणतो आणि सही करतो. प्राचीनंही सकाळी तसंच केलं होतं. नंतर ती हॉलमध्ये लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलवर बसली.

मी आणि आमचा सुतार मंजण्णा खिडकीजवळ शेवटची मापं तपासत होतो. रेवाचं आपलं चालू होतं. खुर्ची पुढे ठेवायची, मग एक पाऊल, मग दुसरं पाऊल ओढत. परत खुर्ची पुढे. मध्येच थांबून "राम राम" म्हणत मोठा श्वास सोडायचा. मी विचारलं तर म्हणाली, मी आबा आहे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आबांना चालताना बघत असणार. पण काय बघितलं होतं पोरीनं. दुखरा पाय कुठला, वजन कुठल्या हातावर, वळताना आधी काय फिरतं, सगळं बरोबर. आमच्या धंद्यात ड्रॉइंगमध्ये माणूस दाखवायला एक तयार चित्र चिकटवतात. हात खाली, सरळ उभा. त्याला पाय दुखत नाही, त्याला घाईची लागत नाही.

ही टेपच्या पलंगावरून उठली. टेपच्या दारातून बाथरूममध्ये गेली. खरं बाथरूम शेजारीच होतं, पण तिला खेळातलं वेगळं हवं होतं. आत बसली, तोंडानं पाण्याचा आवाज काढला, अंग पुसलं. बाहेर आली आणि कपाटापाशी थांबून एका हातानं शटर उघडलं. शटर म्हणजे कपाटाचं दार. हवेतलंच शटर, पण तिनं ते पूर्ण अर्धा गोल फिरवून उघडलं. आणि मग खुर्चीसकट मागे सरकायला लागली.

"थांबा बाप्पा," असं कपाटाला म्हणाली, आणखी एक पाऊल मागे गेली आणि सावकाश आडवी झाली. तशीच पडून राहिली.

मंजण्णा हसला. मी नाही हसले. मला वाटलं लागलं हिला.

"काय झालं गं?"

"मी नाही पडले. आबा पडले. तुमचं कपाट त्यांना पाडतं."

मी म्हटलं, अगं ती नुसती टेप आहे. ती म्हणाली, हो, पण दार उघडलं की आबांना मागं जावं लागतं, आणि डॉक्टरकाकांनी मागं जायचं नाही सांगितलंय. एवढं बोलून ती पुन्हा पलंगावर जाऊन झोपली, कारण आबांची सकाळ पुन्हा व्हायची होती.

मला राग आला. कुणाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. कपाट आणि पलंगाच्या मध्ये मी पावणेतीन फूट जागा सोडली होती. वॉकर दोन फुटांचा. मजेत जातो. पण शटर दीड फुटाचं. ते उघडलं की उरतो सव्वा फूट. उघडताना ते थेट वॉकरवर येणार आणि माणसाला मागं हटावं लागणार. तेही अंग ओलं, पाय ओले. अंकगणित पहिलीतलं होतं. मी जागा मोजली होती, दार मोजलं होतं, दोन्ही एकाच वेळी मोजली नव्हती. प्राचीची सही झाली, मंजण्णानं पाहिलं, साहेबांनी ड्रॉइंग पास केलं. आम्ही सगळे त्या टेपमध्ये प्रदर्शन बघायला आल्यासारखे फिरलो होतो. आंघोळ फक्त एकीनं केली होती.

तरीही मला खात्री करायची होती. मंजण्णाला दीड फुटाची प्लायची पट्टी दिली आणि म्हटलं, अण्णा, तू शटर हो. तो "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणून कपाटाच्या टेपवर उभा राहिला. मी हॉलमधली एक मोठी खुर्ची आणली आणि आबा झाले. रेवानं मला तीनदा थांबवलं. खूप जोरात चालता. तो पाय नाही, हा पाय. राम राम म्हणा. माझ्या कुठल्याही साहेबानं माझं काम इतक्या बारकाईनं तपासलं नाही. शेवटी कपाटापाशी आले, पट्टी ओढली, ती खुर्चीला लागली, मी मागे सरकले, खुर्चीचा पाय टेपमध्ये अडकला आणि मी पलंगाच्या जागी धप्पकन बसले. जमिनीवर.

तसंच बसून शेट्टी सरांना फोन लावला. ते आमचे साहेब.

"कटलिस्ट पाठवू नका, सर."

"का? क्लायंटची सही झालीय."

"सर, मी आत्ता पडले."

"साइटवर? लागलं?"

"नाही. आबा म्हणून पडले."

ते म्हणाले की, आजचा स्लॉट गेला तर फॅक्टरी पुढच्या दहा दिवसांत हात लावणार नाही, आणि म्हातारबाबा पाच दिवसांत येतायत. ते मलाही माहीत होतं. मी म्हटलं, मग बाबा आल्यावर कपाट नसेल, चालेल. कपाट असून बाबा नसतील, ते चालणार नाही.

हे मी जरा चढ्या आवाजात बोलले असणार, कारण वर पाहिलं तर दारात प्राची उभी. हेडफोन गळ्यात. तिला सगळं सांगितलं. सकाळी सही मीच केली की, असं पुटपुटत ती खाली बसली. मग रेवाला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून रडली. रेवा वैतागली. तिची आंघोळ अर्धी राहिली होती.

मार्ग मंजण्णानं काढला. शटर पाहिजेच कशाला, असं त्याचं म्हणणं. बाथरूमच्या दाराशेजारी कमरेच्या उंचीवर उघडे खण आणि कपडे अडकवायला दांडी, खण फारसे पुढे येत नाहीत, म्हणजे चालायला जागा आणखी मिळते. धरायला भिंतीत एक हँडल. एवढं साध्या प्लायमध्ये तो साइटवरच करणार होता. बंद कपाट मागाहून येईल, ते खोलीच्या दारामागे. त्यात गाद्या, स्वेटर. आम्ही पुन्हा टेप लावली. रेवा पुन्हा उठली, गेली, न्हाली, आली, उघड्या खणातून शर्ट घेतला, बटणं लावली आणि खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आता चहा आणा." तीच आमची सही.

आबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नॅग लिस्टला गेले. काम झाल्यावर राहिलेल्या बारीकसारीक चुकांची ती यादी. खोलीचं दार बंद होतं. प्राची आणि तिचा नवरा निखिल हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते, पण पान कुणीच उलटत नव्हतं. आतून पाण्याचा आवाज आला, थांबला. मग वॉकरचा टकटक. मग बराच वेळ काहीच नाही. प्राची उठायला लागली, निखिलनं तिचा हात धरला.

दार उघडलं. आबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केस विंचरलेले. लेकीकडे पाहून म्हणाले, "चहा झाला का?" प्राची स्वयंपाकघरात पळाली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. मला म्हणाले, खोली झकास केली बाई, कोणी केली? मी टेबलाखाली बोट दाखवलं. तिथं रेवा बसची कंडक्टर होऊन बाहुल्यांना मागे सरकायला सांगत होती.

मी तिला हळूच विचारलं, आज आबा नाही का व्हायचं?

"आबा आलेत ना," ती म्हणाली. "मग मी कशाला होऊ?"

तेव्हापासून आमच्याकडे टेप लावल्यावर सहीच्या आधी नाटक करावं लागतं. शेट्टी सरांनी त्याला इंग्रजी नाव दिलंय, क्लायंटला ते आवडतं. परवा देवनहळ्ळीच्या एका साइटवर मी कडेवर तान्हं बाळ आणि हातात दुधाचं पातेलं घेतलेली आई झाले. वॉचमन खिडकीतून बघत होता. बघू दे. कटलिस्ट पाठवायच्या आधी साहेब फोनवर मला एवढंच विचारतात, "पडलात का?" नाही म्हटलं की यादी जाते.