काळे वाटाणे आणि सहा शिट्ट्या

स्कॉटलंडातल्या बेन नेव्हिस डोंगराच्या पायथ्याशी मला वाचवायला पाच माणसं आणि एक कुत्रा धावत आले, तेव्हा मला काहीही झालेलं नव्हतं.

त्याचं असं झालं, की पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. इंग्लंडात ब्रॅकनेलला राहून मी गेली अनेक वर्षं लोकांची हाडं जोडतोय, पण लग्नाला बावीस वर्षं होऊनही या बाईंच्या तोंडून माझं कौतुक निघालेलं नाही! (एकदा "जावई उंच आहेत" म्हणाल्या होत्या, पण ते पंख्यावरची धूळ दाखवताना.) यंदा शाबासकी मिळवायचीच, असं मी ठरवलं.

"अरे, आईला डोंगर आवडतात. नुसतं फिरायला ने," बायको म्हणाली.

"नुसतं कसं, मेधा? सगळी व्यवस्था मी करणार!"

व्यवस्था म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात एक केशरी शिट्टी. कार पार्कमध्येच मी सगळ्यांचा क्लास घेतला. "डोंगरात सहा शिट्ट्या म्हणजे हेल्प! किती? सहा!"

"बाबा, वी नो! तू हे कारमध्ये पण बोलला," इथेच जन्मलेली आमची तारा कंटाळून म्हणाली. "आणि माझा शिट्टी टोचतोय."

दुसरी व्यवस्था माझ्या पाठीवर होती. कुकर! सासूबाई गार सँडविचला हात लावत नाहीत, म्हणून त्यांच्या आवडीचे काळे वाटाणे मी रात्रीच भिजवून ठेवले होते. रोज पर्वती चढणाऱ्या सासूबाई तुरुतुरु पुढे, आणि मी मागून खडखडत.

कुरण मात्र अप्रतिम होतं. गुडघाभर गवत, पिवळी फुलं, वर शिखराच्या घळीत राहिलेला बर्फ. इतकं शांत, की मेंढ्या चरताना ऐकू येत होत्या. मी कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवून कुकर चढवला.

पहिली शिट्टी समोरच्या कड्यावर आपटून परत आली. (घरी एवढी खणखणीत कधी वाजत नाही!) दूरवर चालणारी माणसं थांबली. तिसरीला ती आमच्या दिशेला वळली.

"अरे, बंद कर तो!" मेधा दबक्या आवाजात म्हणाली.

"कच्चे राहतील! आईंना मऊ लागतात!"

मोजून सहा झाल्या आणि मी स्टोव्ह बंद केला. (सहा शिट्ट्यांनंतर एक मिनिट थांबायचं असतं. अजाणता तोही नियम मी पाळला.)

माणसं ओढा तुडवत पळत आली. पुढच्या बाईंच्या हातात फर्स्ट एडची पेटी होती. "व्हेअर इज द कॅज्युअल्टी?"

आम्ही चौघांनी कुकरकडे पाहिलं.

"आय अ‍ॅम अ डॉक्टर," मी अब्रू वाचवायला म्हणालो.

"ओह, गुड! सो हू इज हर्ट?"

तोवर सासूबाईंनी झाकण उघडून एक वाटाणा चेपून पाहिला. "कच्चे आहेत हो. आणखी दोन हव्या होत्या."

मी लायटर उचलला, तसे पाचही जण एकदम ओरडले, "नो!"

सासूबाई माझ्याकडे बघून चक्क हसल्या. "जावईबापू, कमाल आहे तुमची! घरी तुम्ही हाका मारून दमता, कोणी मान वर करत नाही. इथे पाच माणसं आली, कुत्रासुद्धा आला!"

बावीस वर्षांतली ही पहिली शाबासकी. त्यातलीही निम्मी कुत्र्याला गेली!